चार बंदरं केली!

मराठी भाषेतल्या कोणत्या क्रियापदाने सर्वांत जास्त नुकसान केलं असेल, तर ते 'करणे' या क्रियापदाने. माझी आजी म्हणायची, "मला काशी घडली." घडली! म्हणजे त्यात काशीचाही काही हात होता, विश्वेश्वराची इच्छा होती आणि आजीच्या गुडघ्यांची कृपा होती. आता कुणाला काही घडत नाही. आता माणसं करतात. 'काश्मीर केलं', 'युरोप केलं', आणि आमच्या कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीच्या पट्ट्यात समुद्रावरच्या सहलींची टूम निघाल्यापासून, 'पाच दिवसांत चार बंदरं केली!' जेवणाची भांडी करावीत तशी बंदरं करतात. घासून, विसळून, पालथी घालून मोकळी.

माझं भांडण बोटीशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. बोट उत्तम असते. एखादी पंचतारांकित धर्मशाळा पाण्यावर सोडून द्यावी, असा तो थाट असतो. चार वेळा खायला, एकदा पोहायला आणि रात्री जादूचे खेळ. मी स्वतः सौभाग्यवतींसह सिंगापूरहून निघून पोर्ट क्लांग, पेनांग आणि फुकेत अशी फेरी मारून आलो आहे. तेव्हा कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं कुणी म्हणू नये. द्राक्षं गोड होती आणि नाश्त्याला रोज होती.

माझं भांडण आहे ते बंदराच्या दिवसाशी. म्हणजे बोट सकाळी कुठेतरी लागते, माणसं उतरतात, संध्याकाळी परत चढतात आणि मधल्या वेळात जे काही होतं, त्याच्याशी. त्या दिवसाचा पुरेपूर लाभ कसा घ्यावा, यावर हल्ली जो तो सल्ला देतो. सल्ला एकच असतो: जास्तीत जास्त बघा. मला म्हणायचं आहे, कमीत कमी बघा.

आता हे सांगणारा मी कोण? मी कुरुंदवाडकर. तुम्ही हसाल. कुरुंदवाडला समुद्र नाही, बंदर नाही. आमच्याकडे जहाज येतं ते फार तर पुराच्या वेळी लष्कराच्या रबरी बोटीच्या रूपाने. पण मंडळी, बंदराच्या दिवसाविषयी बोलायचा जेवढा अधिकार कुरुंदवाडकराला आहे, तेवढा दर्यावर्दी माणसालाही नसेल. कारण आम्ही स्वतःच एक बंदर आहोत. आणि तेसुद्धा असं, की जिथे जहाज शेजारच्या धक्क्याला लागतं आणि उतारू आमच्याकडे न येताच परत जातात.

शेजारचा धक्का म्हणजे नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्तप्रभूंच्या पादुका, पौर्णिमेला लोटणारी गर्दी. बस येते. पुढे बसलेला म्होरक्या उठून घोषणा करतो, "दीड तास हं! दर्शन, प्रसाद, खरेदी, बरोब्बर साडेअकराला बस सुटणार!" मग माणसं पळत सुटतात. पळत रांगेत, पळत दर्शन, पळत बासुंदी, पळत कवठाची बर्फी, आणि शेवटी वांगी घेऊन पळत बसमध्ये. परंपरा सांगते की श्रीनृसिंहसरस्वतींनी या ठिकाणी बारा वर्षं मुक्काम केला. प्रत्यक्ष अवतारी पुरुषाला जी जागा समजायला बारा वर्षं लागली, ती जागा आमचे भाविक दीड तासात 'करतात', आणि त्यातली चाळीस मिनिटं बासुंदीत जातात!

वाडीहून नदीवरचा पूल ओलांडला की कुरुंदवाड. अंतर सांगायलाही लाज वाटावी इतकं थोडं. पण बस इकडे वळत नाही. चुकून एखादा उतारू आलाच, तर चौकात उभा राहून विचारतो, "इथं बघण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाने आमचं जेवढं रक्त आटवलं आहे, तेवढं २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनीसुद्धा आटवलं नसेल. अहो, या नावाची थोरली आणि धाकटी अशी दोन पटवर्धनी संस्थानं होती, १९४८ साली विलीन होईपर्यंत. सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी इथे नदीकाठी आहे. आणि गणेशोत्सवात आमच्या गावातल्या मशिदींत गणपती बसतो. मोहरम आणि गणपती एकत्र आले, तर पीर आणि बाप्पा एका छताखाली मुक्कामाला असतात आणि कुणालाही त्यात भाषण करण्यासारखं काही वाटत नाही. पण हे 'बघण्यासारखं' नाही. हे बसून ऐकण्यासारखं आहे, कट्ट्यावर चहा घेत. आणि बस तर साडेअकराला सुटते.

तेव्हा मी बोलतो आहे तो बघणाऱ्यांच्या वतीने नव्हे, बघितल्या न गेलेल्यांच्या वतीने.

आता बंदराच्या दिवसाचा हिशेब मांडू. मास्तरकीत आयुष्य गेलं, त्यामुळे वजाबाकी करायला मला आवडते. माहितीपत्रकात छापलेलं असतं: आगमन सकाळी आठ, प्रस्थान सायंकाळी पाच. वाचणारा बोटं मोजतो, नऊ तास! आता वजा करत चला. बोट धक्क्याला लागली म्हणजे लगेच दार उघडत नाही. कागदपत्रं होतात, मग रांग लागते, मग उतरलेल्यांच्या टोळ्या पाडतात. एक तास गेला. पाचला बोट सुटणार म्हणजे पाचला चढायचं नसतं. अर्धा-एक तास आधी सगळे आत हवेत. आणखी एक गेला. आता रस्ता. पोर्ट क्लांगला उतरवतात ते क्वालालंपूर दाखवायला. पण बंदर ते राजधानी हे अंतर म्हणजे, कोल्हापूर दाखवतो म्हणून तुम्हाला कुरुंदवाडला उतरवावं तसलं. जाऊन-येऊन अडीच तास धरा. राहिले साडेचार. त्यात 'आपलं' जेवण, एक तास. कारण परमुलखात जाऊन परमुलखाचं खाणं म्हणजे काय भलतंच! मग दुकान, पाऊण तास. हे दुकान सहलीचा कणा असतो. मलेशियात ते चॉकलेटचं असतं, थायलंडात रत्नांचं. पुन्हा दर थांब्याला 'बाथरूमला कोण कोण जाणार' याची पंधरा-पंधरा मिनिटं. खाली उरतात दोन तास. या दोन तासांत चार स्थळं.

बँकॉकची गोष्ट तर याहून मजेची. बँकॉक म्हणून बोट जिथे लागते त्या बंदराचं नाव लाएम चाबांग, आणि बँकॉक तिथून रस्त्याने दोनेक तास. म्हणजे कोल्हापूर दाखवतो म्हणून साताऱ्याला उतरवणं! फुकेतला पातोंगच्या किनाऱ्यावर मोठी बोट धक्क्याला लागतच नाही. ती खाडीत नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून पाळीपाळीने माणसं पोचवतात. शिवाय थायलंडचं घड्याळ मलेशिया-सिंगापूरच्या एक तास मागे. बोटीवरचं घड्याळ कुठलं धरायचं हे बोटीचा कप्तान ठरवतो, किनाऱ्यावरचं तिथलं सरकार ठरवतं आणि आमच्या मंडळींच्या मनगटावर अजून इंडियन टाइमच असतो. या तीन घड्याळांच्या कात्रीत सापडलेला मनुष्य समुद्रकिनाऱ्यावर उभा राहून समुद्राकडे न बघता मनगटाकडे बघत असतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. असा एक नव्हे, चाळीस.

क्वालालंपूरला आम्ही ते जुळे मनोरे 'केले'. चारशे बावन्न मीटर उंची. माणूस मनोऱ्यासमोर उभा राहिला की मनोरा मावत नाही आणि मनोरा मावला की माणूस मावत नाही. म्हणून आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी भर फुटपाथवर उताणे झोपून फोटो काढत होते. उठले तेव्हा मी विचारलं, "कसा वाटला मनोरा?" म्हणाले, "थांबा, बघून सांगतो," आणि त्यांनी फोन उघडला! मनोरा पाठीमागे उभा होता हो, वळून बघायचा तर होता!

मग बाटू गुहा. मुरुगनची एकशे चाळीस फुटी सोनेरी मूर्ती, २००६ साली उभी राहिलेली, तिच्या शेजारून वर जाणाऱ्या दोनशे बहात्तर पायऱ्या आणि त्यांच्या टोकाला ती गुहा. आम्हाला वेळ दिला होता वीस मिनिटं. म्हणजे चढायच्या की उतरायच्या, एवढीच निवड. आमची टोळी खाली उभी राहिली, मूर्तीला नमस्कार केला, माकडाने एका वहिनींचे वेफर्स नेले, आणि झेंडा हलला. परत येताना एक जण म्हणाले, "गुहा काही विशेष नव्हती." गुहेत गेलं होतं कोण?

आता पेनांग. इथे मात्र माझा आवाज थोडा चढणार आहे, तर सांभाळून घ्या.

पेनांगचं जॉर्जटाउन हे असं शहर आहे की बोट थेट गावाच्या उंबऱ्याशी लागते. बस नको, रिक्षा नको. २००८ साली युनेस्कोने मलाक्कासकट या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घातलं, ते एखाद्या मनोऱ्यासाठी नव्हे, गल्ल्या आणि त्यात राहणारी माणसं यांच्यासाठी. पायी बघायच्या गावातही आमच्यासाठी बस तयार! कार्यक्रम होता: डोंगरावरचं मोठं देऊळ, मग फुलपाखरं, मग जेवण, मग चॉकलेट. मी आदल्या रात्रीच सहलीच्या व्यवस्थापक मुलाला सांगून ठेवलं, "बाळा, उद्या आम्ही दोघं तुझ्या झेंड्याखाली नाही." तो पोरगा बिचारा घाबरला. म्हणाला, "काका, पैसे परत मिळणार नाहीत हं." मी म्हटलं, "पाय परत मिळाले तरी पुष्कळ."

धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटं चाललो आणि एका रस्त्याला लागलो. नाव कपितान केलिंग मशिदीचं. एका टोकाला १८१८ सालचं पांढरं चर्च, थोडं पुढे चिनी दयादेवीचं धुराने काळवंडलेलं मंदिर, बाजूच्या गल्लीत मारिअम्मनचं १८३३ सालचं देऊळ आणि पुढे हिंदुस्थानातून गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी उभी केलेली ही मशीद. सगळं हाकेच्या अंतरावर. उदबत्ती एकीकडे लागते, वास चौघांना जातो. आम्ही समोरच्या चहावाल्याकडे बसलो. तो चहा दोन भांड्यांत वरून खाली, खालून वर ओढत होता. तमिळ होता. कुठून आलात म्हणून त्याने विचारलं. मी 'बॉम्बे' म्हणणार तोच आमची ही म्हणाली, "कुरुंदवाड." त्याला कळलं नाही, हे उघड आहे. मग हिने शाळेतल्या इंग्रजीत त्याला समजावून सांगितलं, की आमच्या गावात मशिदीत गणपती असतो. तो थबकला. चहा ओढायचा थांबला. म्हणाला, "इनसाइड?" ही म्हणाली, "इनसाइड." आणि त्या माणसाने दुसऱ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

तिथे आम्ही सव्वा तास बसलो. बांग ऐकली, देवळाची घंटा ऐकली. एक चिनी म्हातारी येऊन उदबत्त्या लावून गेली. बघण्यासारखं काहीच घडलं नाही.

मग चालत चालत पाण्यावरच्या वस्तीकडे गेलो. चिनी घराण्यांचे धक्के म्हणतात त्यांना. एकेका आडनावाची एकेक वस्ती, समुद्रात खांब रोवून त्यावर लाकडी घरं, मधून फळ्यांची वाट, खाली पाणी. ही फळीवर उभी राहून खालचं पाणी निरखत होती. बराच वेळ. तिच्या माहेरच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं होतं, ते मला माहीत आहे. शेवटी म्हणाली, "यांचा पूर बारा महिन्यांचा. आणि बघा, दारात कुंड्या लावल्यात!" मी काही बोललो नाही. त्या एका वाक्यासाठी मी बोटीचं सगळं भाडं पुन्हा भरीन. हप्त्याने.

संध्याकाळी बोटीवर दोन्ही बाजूंचे जमाखर्च मांडले गेले. "तुम्ही काय काय केलंत?" म्हणून विचारणा झाली. आम्ही म्हटलं, "चहा प्यायलो." सगळ्यांच्या चेहऱ्यावर आमच्याविषयी अशी काही करुणा दाटून आली, की पाकीट मारलं गेलं असतं तरी एवढी आली नसती.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं ऐकून घेऊ. तेही खोटं नाही.

पहिला मुद्दा पैशाचा. "एवढे पैसे भरलेत, वसूल नकोत?" हवेत. पण वसुली स्थळांच्या संख्येत मोजायची कुणी ठरवली? लग्नाच्या पंगतीत सतरा पदार्थ पानात वाढून घेऊन एकही न चाखता उठणाऱ्याला आपण हुशार म्हणतो का?

दुसरा मुद्दा, "पुन्हा कधी येणार आपण?" अहो, म्हणूनच! पुन्हा येणार नाही त्या गावाची एक तरी गोष्ट बरोबर न्या, की डोळे मिटल्यावर दिसेल. जो रोज येणार आहे त्याने पळत यावं.

तिसरा मुद्दा बोट चुकण्याचा. हा खरा मुद्दा आहे आणि याची चेष्टा मी करणार नाही. बोटीने लावून दिलेल्या फेरीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. आपण आपले गेलो आणि उशीर केला तर ती थांबत नाही, पुढच्या बंदरावर आपल्या खर्चाने गाठावी लागते. म्हणून नियम सोपे ठेवावेत. गाव बंदराला चिकटून असेल, जसं पेनांग, तिथेच एकटं फिरावं. गाव लांब असेल, जसं क्लांग किंवा लाएम चाबांग, तिथे निमूट फेरीबरोबर जावं, नाहीतर बोटीवरच पडून राहावं. सगळे गावाला गेले की रिकामी बोट हीच एक प्रेक्षणीय जागा असते. मनगटावरचं घड्याळ बोटीच्या वेळेला लावावं. बोटीच्या रोजच्या पत्रकावर तिथल्या एजंटाचा नंबर असतो, तो कागद खिशात ठेवावा. आणि ठरल्या वेळेच्या तासभर आधी परतावं. एवढं केलं की बाकीचा वेळ तुमचा, घड्याळाचा नव्हे.

चौथा मुद्दा सहल कंपन्यांच्या बाजूचा. ज्यांनी उभ्या आयुष्यात पासपोर्ट बघितला नव्हता अशा मधुमेही, गुडघेवाल्या माणसांना त्यांनी समुद्रापार नेऊन सुखरूप आणलं, वर वेळेवर वरण-भात दिला. हे पुण्य लहान नाही. आणि चार बंदरांत सोळा स्थळं त्यांनी स्वतःहून कोंबली, असंही नाही. आपण दोन जाहिराती शेजारी ठेवतो, स्थळं मोजतो आणि एक स्थळ जास्त असेल तिकडे पैसे भरतो. दुकानदार काय करणार? गिऱ्हाईक जे मोजतं, तेच तो वाढतो.

म्हणून माझी मागणी कंपन्यांकडे नाही, तुमच्याकडे आहे. पैसे भरताना 'किती स्थळं' असं न विचारता 'प्रत्येक स्थळी किती वेळ' असं विचारा. दहा जणांनी विचारलं तर माहितीपत्रक बदलेल. छापखान्याला काय, आकडा छापायचा, तो स्थळांचा असो की मिनिटांचा.

आमच्या भागातली माणसं परदेशी जायला आजच लागली आहेत असंही नाही. 'ग्रेट इंडियन सर्कस' काढणारे विष्णुपंत छत्रे याच कृष्णाकाठच्या मुलखातले. मला सर्कशीची रीत फार आवडते. सर्कस गाव 'करत' नाही. ती तंबू ठोकते. हत्तींना चारा लागतो, म्हणून बाजार ठाऊक होतो. पाणी लागतं, म्हणून विहीर ठाऊक होते. खेळ बघायला माणसं हवीत, म्हणून माणसं ठाऊक होतात. गाव आपल्याकडे बघतं आणि आपण गावाकडे. आपल्या सहलीत मात्र आपण काचेच्या आत आणि गाव काचेच्या बाहेर. दोघांपैकी पिंजऱ्यात कोण, हे ठरवणं कठीण.

बंदराच्या दिवसाचा पुरेपूर लाभ म्हणाल तर माझं सूत्र तीन गोष्टींचं आहे: एक जागा, एक चहा, एक माणूस. जागा निवडावी, तिथे बसावं आणि तिथल्या एका तरी माणसाशी बोलावं. भाषा येत नसेल तर उत्तमच. मग गप्पा खोट्या होत नाहीत.

याचा सराव पेनांगला जाऊनच केला पाहिजे असं नाही. पुढच्या पौर्णिमेला वाडीला याल, तेव्हा म्होरक्याला सांगून पूल ओलांडा. घाटावर अर्धा तास बसा. नदी बघू नका, नुसते बसा. ती आपोआप दिसते. दिवस मोकळा असेल तर तसेच पुढे खिद्रापूरला जा. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांबांच्या मधोमध वर आभाळाएवढं गोल भोक ठेवलं आहे. शिलाहारांच्या काळातल्या त्या पाथरवटांनी बाराव्या शतकात ते भोक ठेवलं, ते काही वीस मिनिटांच्या पाहुण्यासाठी नव्हे. त्याच्याखाली उताणे झोपा. हो, त्या बँक अधिकाऱ्यांसारखेच, फक्त फोन खिशात ठेवून.

आणि तेवढ्यात वाडीहून तुमची बस सुटलीच, तर घाबरू नका. ती काही सिंगापूरची बोट नव्हे. कुरुंदवाडला एस.टी.चं आगार आहे. पुढची गाडी लागेपर्यंत आमच्या कट्ट्यावर चहा घ्या. दुसऱ्या कपाचे पैसे आम्ही घेणार नाही.